गाळलेलं सूप

सदर बझार, सातारा
२ ऑगस्ट २०२४

गुणे,

तू चातुर्मासात मोबाइल सोडलास, हे मला आधी तुझ्या मोबाइलनेच सांगितलं. चार दिवस मी नंबर फिरवते आहे आणि एक बाई तीन भाषांत सांगते आहे की तो बंद आहे. पाचव्या दिवशी तुझं कार्ड आलं: "कार्तिकापर्यंत पत्रच पाठव." छत्तीस वर्षं मी पोस्टात काढली, शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून. तेवढ्या काळात तुझी पत्रं आली सहा. मी निवृत्त होऊन दहा वर्षं झाल्यावर आता तुला टपालाचा पुळका आला आहे.

दुसरा संताप वेगळा. मिरजेत खुब्याला नवी वाटी बसवून घेतलीस त्याला पाच आठवडे झाले. डॉक्टरने सांगितलं, प्रथिनं खा आणि चाला. आणि तू लिहितेस, "घशाखाली काही उतरत नाही, काहीतरी हलकं सांग." हलकं म्हणे. तू आधीच पंख्याखाली बसलीस तर उडशील.

तरी सांगते. माझी भाची जीनत पाचगणीला हॉटेलात कुक आहे. जपान-थायलंडकडचे पदार्थ शिकून आली आहे. गेल्या महिन्यात मला ताप होता तेव्हा तिने टोफूचं सूप करून दिलं. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. पाकिटातला आणू नकोस. तो किती दिवसांचा आहे हे तू विचारशील आणि मग खाणार नाहीस. तुमच्याकडे शेतंच्या शेतं सोयाबीनची, आणि सगळं तेलाच्या गिरणीत घालता. वाटीभर घरात ठेवा की.

सकाळी सहाला ते कोमट पाण्यात भिजत घाल, म्हणजे रात्रीचं शिळं म्हणायची सोय नको. दोनपर्यंत फुगतं. सालं चोळून काढ. पाच वाट्या पाणी घालून मिक्सरमध्ये वाट, धुतलेल्या मलमलीतून पिळून घे. ते दूध गॅसवर ठेवून ढवळत राहा, ते उतू जायला टपलेलंच असतं. उकळी आली की दहा मिनिटं मंद ठेव, नाहीतर कच्चट वास राहतो. गॅस बंद. एका लिंबाचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून चमच्याचमच्याने घाल. जीनत म्हणाली, ताकाची निवळीसुद्धा चालते. मी म्हटलं, "बाई गं, द्विदल आणि कच्चं ताक एकत्र? ती गुणी सांगलीहून येऊन मला मारेल." फाटलं की फडक्यात बांधून अर्धा तास वरवंट्याखाली ठेव.

मग सूप. चार वाट्या पाण्यात गवती चहाच्या दोन पातींची गाठ, पाचसहा मिरे ठेचून, चिमूटभर सुंठ. आलं नाही, लसूण नाही, कांदा नाही, गाजर नाही, मश्रूम नाही, पालेभाजी नाही. सोया सॉसही नाही, तो महिनोन् महिने आंबवलेला असतो. बघ, तुझे नियम मला तुझ्याइतके पाठ आहेत. फरसबी, दुधी, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, सगळं बारीक. भाज्या दाताखाली लागल्या पाहिजेत, लगदा करू नकोस. शेवटी टोफूचे तुकडे आणि मीठ, उतरवल्यावर लिंबू आणि तिळाच्या तेलाचे चार थेंब. सूर्य मावळायच्या आत पी.

उलट टपाली कळव.

झुबेदा


विश्रामबाग, सांगली
९ ऑगस्ट २०२४

प्रिय झुबेदा,

सप्रेम जयजिनेंद्र.

तुझं पत्र कीर्तीने मोठ्याने वाचलं. "मावशी पत्रातपण ओरडतात," म्हणाली. माझी ही सून वाघाला भीत नाही, तुला भिते.

सूप झालं. सोयाबीनचं दूध फाटताना बघायला गोमटेशसुद्धा दुकान सोडून आला. नातवंडांसारखा ओट्याला टेकून उभा होता. गवती चहाचा वास आला आणि मला आपल्या पाचगणीच्या शाळेतला गुरुवार आठवला. ते पांढरट सूप. त्यात हाड शिजवलं असेल या भीतीने मी हात लावायची नाही. सिस्टरांनी पाठ फिरवली की तू माझा वाडगा रिकामा करायचीस आणि तुझा पाव माझ्या ताटात टाकायचीस. किती सूप प्यायलीस तू माझ्यापायी.

एक विचारायचं होतं. टोफू मला जरा जड जातो. माझ्यापुरता वगळला तर चव बिघडेल का? घरातल्यांना आवडला आहे, ते खातील.

चालणं सुरू आहे. गोमटेश मला उचलून न्हाणीत नेतो, उचलून आणतो. फार करतो.

तुझी,
गुणमाला


सातारा
१३ ऑगस्ट २०२४

गुणे,

चालणं सुरू आहे म्हणतेस आणि पुढच्याच ओळीत मुलगा उचलून नेतो म्हणतेस. दोन्ही खरं कसं?

टोफूच्या सूपातून टोफू वगळायचा. मग उरलं काय? आंघोळीचं पाणी? टोफू जड जातो हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. जीनतला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "खाला, हॉटेलात आम्ही तो आजाऱ्यांनाच देतो." जड जात असेल तर बारीक कुस्कर. तरी नको असेल तर सोयाबीनचं दूध थोडं ओत. पण काढू नकोस. हाड तेवढ्याने जुळणार आहे तुझं.

वॉकर घेऊन दाराशी रोज दहा फेऱ्या. मोजून कळव.

झुबेदा


सांगली
२८ ऑगस्ट २०२४

प्रिय झुबेदा,

सप्रेम जयजिनेंद्र.

उत्तराला उशीर झाला. आता सूप गाळून घेते. भाज्यांचा अर्क पाण्यात उतरतोच, चोथ्याची काय गरज? तेल बंद केलं आहे, आणि या आठवड्यापासून मीठही. खरं सांगू, मिठाशिवाय गवती चहाची चव जास्त कळते. तुझ्या भाचीला सांग.

मला खूप शांत वाटतं आहे. दुपारभर खिडकीशी बसते. तुझे अब्बा शाळेच्या व्हरांड्यात मशीन घेऊन बसायचे, तसं. आपल्या सगळ्यांचे गणवेश त्यांनी शिवले, नाही? माझ्या बाह्या मी दर वर्षी उसवून आणायची आणि ते एक शब्द बोलायचे नाहीत.

फेऱ्या मोजल्या नाहीत. कीर्ती खूप करते माझं.

तुझी,
गुणमाला


सातारा
१ सप्टेंबर २०२४

कीर्ती,

हे पत्र तुला आहे, सासूला नाही. एकटीने वाच.

एक महिन्यापूर्वी मी एका सत्तर वर्षांच्या बाईसाठी सूप लिहून पाठवलं. त्यातून आधी टोफू गेला, मग भाज्या, मग तेल, आता मीठ. वर ती लिहिते, कीर्ती खूप करते. काय करतेस? पाणी तापवतेस? नियमांची ढाल पुढे करू नकोस, कंदमूळ चालत नाही हे मला ठाऊक आहे. फरसबी कंदमूळ कधीपासून झाली? हे शास्त्र नव्हे, हा आळस आहे. सोयाबीन भिजवायचा, वाटायचा, पिळायचा कंटाळा. असल्या ऐतखाऊपणाला आमच्या सिस्टर कोपऱ्यात उभं करायच्या. तुझ्या सासूने तुझी दोन बाळंतपणं काढली. ती तुझ्याकडे चिमूटभर मीठ मागत नाही, कारण तिला मागता येत नाही. म्हणून मी मागते आहे.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी स्वतः येईन. ते तुला आवडणार नाही.

झुबेदा


सांगली
१० सप्टेंबर २०२४

झुबेदा मावशींना कीर्तीचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी रडू आलं, मग राग आला, मग वाटलं, बरं झालं, कुणीतरी इचारलं. मावशी, मला तुमच्यासारखं छापील लिहायला येत न्हाई, जशी बोलते तशी लिहिते. फोन केला असता, पण आईंचे कान तुमाला म्हाईत हायत. भिंतीपल्याडचं ऐकतात.

मीठ मी बंद केलं न्हाई. मी रोज सकाळी सहाला सोयाबीन भिजत घालते. रोज. टोफू करते, भाज्या चिरते, सगळं तुमी लिहिलं तसं. आई वाडगा घेतात, चाळणी मागतात, आन् वरचं पाणी तेवढं पितात. टोफू मला देतात, "तू खा, तुला ताकद पायजे" म्हणून. माझं वजन दोन किलो वाढलंय मावशी, त्यांच्या वाटणीचं खाऊन.

मी म्हटलं, "आई, ह्ये काय चाललंय?" तर म्हणाल्या, "काई न्हाई गं, हलकं वाटतंय." पण त्यांच्या पोथीत एक कागद घावला. त्यावर तारखा हायत. टोफूपुढं तारीख, भाज्यांपुढं तारीख, तेल, मीठ, मग सूप, मग ताक, आन् सगळ्यात खाली गरम पाणी. तुमाला सांगायला नको. एकेक सोडत जायचं, शेवटी पाणीपण सोडायचं आन् देह ठेवायचा. आईंना सल्लेखना घ्यायची हाय.

ह्यांना दावलं. ह्ये म्हणाले, "आईचा धर्म हाय, मी कोण आडवा येणार?" आन् बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसले. पुसलेलीच होती.

आमच्या मंदिरात माताजी चातुर्मासाला हायत. आई पर्व संपल्यावर क्षमावाणीला सगळ्यांना पत्रं लिहिणार, क्षमा मागणार, मग माताजींकडं जाऊन व्रत मागणार. मला धर्म मोडायचा न्हाई. माझ्या आज्जीसासूनंपण घेतली हुती, तवा गाव पाया पडलं हुतं. पण त्यांना दुखणं हुतं. आईंना काय झालंय? परवा शेजारणीनं लोणचं दिलं तर वासावरनं सांगितलं, मेथी करपलीय. असली बाई जाती कशी?

मी लिहिलंय हे बोलू नका.

कीर्ती


सातारा
१३ सप्टेंबर २०२४

कीर्ती,

मागच्या पत्रातला प्रत्येक शब्द परत घेते. "ऐतखाऊ" दोनदा परत घेते. याहून जास्त माफी मागायची मला सवय नाही, एवढ्यावर भागव.

सूप रोज कर, पूर्ण कर. वाडग्याशेजारी मिठाची वाटी ठेव आणि तोंडातून चकार शब्द काढू नकोस. तिच्या क्षमेच्या पत्राची मी वाट बघते आहे. ते येऊ दे.

झुबेदा मावशी


सांगली
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय झुबेदा,

उत्तम क्षमा.

आज क्षमावाणी. गेल्या बासष्ट वर्षांच्या मैत्रीत कळत-नकळत माझ्या बोलण्याने, वागण्याने तुझं मन दुखावलं असेल, तर हात जोडून क्षमा मागते. माझ्या मनात कुणाविषयी काही नाही. तूही मला क्षमा कर आणि एका ओळीने कळव. तुझी ओळ आली की माझं सगळं झालं.

गुणमाला


सातारा
२२ सप्टेंबर २०२४

श्रीमती गुणमाला रायगोंडा पाटील,

पूर्ण नाव लिहिलं आहे, म्हणजे पत्र चुकून दुसरीला आलं असं वाटायला नको.

क्षमा नाही.

तुझं काय चाललं आहे ते मला कुणी सांगितलेलं नाही. छत्तीस वर्षं मी लोकांची पाकिटं न उघडता आत काय आहे ते ओळखत आले. टोफू, भाज्या, तेल, मीठ. आठवड्याला एक. मला सूपाची रीत विचारलीस ती पिण्यासाठी नव्हे, सोडायला एकेक वस्तू हवी होती म्हणून. माझ्या हाताने मी तुला जिना बांधून दिला आणि तू तो उतरते आहेस.

मी तुझ्या धर्माची थट्टा करत नाही. लोणंदला तुझ्या माहेरी आजीने सल्लेखना घेतली तेव्हा आपण नववीत होतो, आणि मी तिच्या उशाशी बसले होते. एक्क्याण्णव वर्षांची, पोटात गाठ, डॉक्टरांनी हात टेकलेले. चेहरा घासलेल्या तांब्यासारखा लख्ख. तिने मला, शाळेच्या शिंप्याच्या मुलीला, हात जोडून विचारलं, "पोरी, तुझं काही राहिलंय का माझ्याकडं?" मी म्हटलं, "काही नाही, आजी." कारण खरंच काही नव्हतं. तिने मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून वाढलं होतं.

तुझ्याकडे माझं राहिलं आहे.

"कळत-नकळत" लिहितेस. दोन्हीतलं एक निवड. मी तारीख देते: ७ मे १९७७. तुझं लग्न, कवठे महांकाळ, सासरच्या दारात मांडव. अब्बा आणि मी साताऱ्याहून दोन एसट्या बदलून आलो. तुझ्या अंगातला रेशमी ब्लाऊज अब्बांनी शिवला होता, सात रात्री जागून, आणि शिलाई घेतली नव्हती. आम्हाला मांडवात बसवलं नाही. मागच्या दाराशी, गुरांच्या दावणीजवळ, दोन पत्रावळी मांडल्या. पाणी मागितलं तर पेला दिला नाही. ओंजळ करा म्हणाले आणि वरून ओतलं. तू नवऱ्याबरोबर पंगतीतून फिरत होतीस. दारापर्यंत आलीस. अब्बांच्या ओंजळीतून पाणी कोपरापर्यंत ओघळताना पाहिलंस. आणि वळलीस.

अब्बा मला म्हणाले, "बेटा, जेव. मुलीचा आज मोठा दिवस आहे." मी जेवले. त्यानंतर तुझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाही.

हे एका ओळीत माफ करू? तू मनाने स्वच्छ होऊन जाणार आणि मी इथे ते कोपरावरून ओघळणारं पाणी बघत बसणार? वैराग्य म्हणतेस याला? शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत तिसरी आलीस तर तू पुढच्या वर्षी धावायचंच सोडलंस. आता मुलगा उचलून न्हाणीत नेतो म्हणून जगायचं सोडते आहेस. तो गर्व आहे, गुणे. नेहमीचाच.

क्षमा नाही. हे पत्र माताजींना दाखव.

झुबेदा


सांगली
२७ सप्टेंबर २०२४

झुबेदा,

तू स्वतःला समजतेस कोण?

हो, पाहिलं. कळत. बस? तेवीस वर्षांची होते, सासूने कोपर धरलं होतं आणि कानात म्हणाली, "पुढं चल, तिकडं बघायचं न्हाई." मी पुढे चालले. ते मी रोज बघते. तुला वाटतं, ते ओघळणारं पाणी एकट्या तुला दिसतं?

आणि तू काय केलंस? सत्तेचाळीस वर्षांत अकरा वेळा माझ्या दारात आलीस. प्रत्येक वेळी मी पेला पुढे केला आणि तू म्हणालीस, "रोजा आहे." दिवाळीत रोजा? मार्गशीर्षात रोजा? मला काय महिने मोजता येत नाहीत? सासू जाऊन तीस वर्षं झाली. स्वयंपाकघर माझं झालं. तू एकदा म्हणाली असतीस, "गुणे, तू चुकलीस," तर मी उंबऱ्यावर बसून रडले असते. नाही. तू उंबऱ्यावर उभी राहून हसायचीस आणि मला अकरा वेळा शिक्षा करायचीस. वर मला गर्विष्ठ म्हणतेस!

त्या दिवसापासून मी लग्नाच्या पंगतीत बसलेली नाही. कुणाच्याच. माझ्या गोमटेशच्या लग्नातसुद्धा जेवले नाही. लोकांना वाटलं, कसला तरी नियम असेल. मीही नियमच म्हटलं. हे तुला कधी सांगितलं नाही, आणि आज सांगते आहे ते तू सुखी व्हावीस म्हणून नाही.

आणि धावण्याची शर्यत मी सोडली ती पायाला काटा लागून पिकलं होतं म्हणून. नीट आठव.

तुझं पत्र वाचून इतकी चिडले की उठून तरातरा दाराकडे गेले. दारात पोचल्यावर बघते तर वॉकर खुर्चीपाशी. पडले असते तर पाप तुझ्या माथी होतं. कीर्ती दारात उभी राहून हसत होती, निर्लज्ज. भूक लागली म्हणून तिने आणलेला वाडगा मी रागाच्या भरात न गाळता पिऊन टाकला. हेही तुझ्या माथी. माझ्या कागदावरच्या तारखा चुकल्या.

गुणमाला


सातारा
१ ऑक्टोबर २०२४

गुणे,

वा.

दोन महिन्यांत तुझं हे पहिलं पत्र आलं. आधीची, कार्ड धरून, चार कुणी लिहिली होती कोण जाणे, पण तुझ्या अक्षरात होती.

पंगतीचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि पहिल्यापासून वाचलं. रोज्याचं खरं आहे. मी अकरा वेळा खोटं बोलले. सिस्टरांनी मला कोपऱ्यात उभं करायला हवं होतं.

पण तुझं काय होतं ते आता कळलं का तुला? तुला बोलता येत नाही, म्हणून तू सोडतेस. सासूपुढे बोलता आलं नाही तर पंगत सोडलीस. मुलाला म्हणता येत नाही, "बाबा, तू मला उचलतोस ते मला मेल्याहून मेल्यासारखं होतं," तर मीठ सोडलंस. मोबाइलही त्यातलाच, कुणाशी बोलायला नको. व्रत सोडण्याचं असतं हे मला कळतं. पण तुझ्या आजीने जे सोडलं ते तिचं संपलं होतं. तुझं संपलेलं नाही, अडलेलं आहे.

आता माझी अट. माफी टपालाने मिळणार नाही. मी तुझ्या घरी येईन. ते सूप तू करायचं, कीर्तीने नाही. सोयाबीन पिळण्यापासून सगळं, ओट्यापाशी उभं राहून. मला तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्याशेजारी बसवायचं. पाणी पेल्यातून द्यायचं. त्यानंतर विचार करीन. तोवर माताजींनी विचारलं तर सांग, साताऱ्याची एक बाई अजून बाकी आहे.

उभं राहायला ताकद लागते. ती गाळलेल्या पाण्यातून येत नाही.

झुबेदा


सांगली
२६ ऑक्टोबर २०२४

झुबेदा,

माताजींकडे गेले. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर तू कीर्तीला विचारशील. तुमची दोघींची पत्रं चालतात हे मला माहीत आहे, नाहीतर माताजींचं तुला कुठून कळणार? माझे कान चांगले आहेत.

माताजी म्हणाल्या, "सगळ्यांशी क्षमा झाली?"

"एक सोडून."

"मनात राग आहे?"

मला खोटं बोलता येईना. म्हटलं, "आहे. साताऱ्यापर्यंत पुरेल एवढा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असाध्य रोग कुठला?"

"खुबा."

"तो बसवला आहे ना? चालता येतं?"

कीर्ती मागून म्हणाली, "येतंय माताजी. रागात तर लय चांगलं येतंय."

मग माताजी माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मुलावर भार होतो म्हणून अन्न सोडायचं, याला व्रत म्हणत नाहीत. जे सांगायचं आहे ते ज्याला सांगायचं त्याला सांग. आणि जेव."

घरी येऊन गोमटेशला सांगितलं. शब्द तुझेच वापरले, मेल्याहून मेल्यासारखं. तो माझ्या पायाशी बसून रडायला लागला. म्हणाला, "आई, मलापण अवघडायचं. पण नको म्हणायचं कसं?" दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या भिंतीत दोन कड्या बसवून घेतल्या. आता माझी मी जाते. दहा फेऱ्या होतात. मोजल्या.

कागद फाडलेला नाही, पोथीतच आहे. एक दिवस तो लागेल, आणि तेव्हा तू आड यायचं नाहीस.

रविवार, १७ नोव्हेंबर. चार वाजता ये. सूर्य सहाच्या आत मावळतो, उशीर करू नकोस.

गुणमाला


सातारा
१९ नोव्हेंबर २०२४

गुणे,

रविवारचा निकाल कळवते.

टोफू चांगला दाबला होतास. सुरीने कापताना फुटला नाही. गवती चहा एक पात कमी. फरसबी जाड चिरलीस, मक्याचे दाणे कच्चट. तू सगळं उभं राहून केलंस, एक हात ओट्याला आणि एक पळीला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मध्येच कीर्ती पुढे झाली तेव्हा तू "हात लावू नको, ही बाई तिथून बघतीय" असं पुटपुटलीस, तेही ऐकलं. माझेही कान चांगले आहेत.

पाण्याचा पेला तू माझ्या हातात दिलास. मी प्यायले. मग मी दुसरा मागितला. तू विचारलं नाहीस कुणासाठी. भरून माझ्यासमोर ठेवलास आणि स्वतःच्या वाडग्यात बघत राहिलीस. तोही मी प्यायले.

आता माफीचं. सूप अळणी होतं. माझ्या वाडग्यात तू स्वतःच्या अंदाजाने मीठ घातलंस, आणि तुझा हात अजून मिठाला भितो. असल्या सूपावर मी कुणाला माफ करत नाही. जानेवारीत पुन्हा येईन. संक्रांतीनंतर, चार वाजता. तेव्हा तरी जमेल असं मला वाटत नाही, पण प्रयत्न कर.

मोबाइल सुरू केलास असं कळलं. मी उचलणार नाही. पत्र लिही.

आणि त्या कागदाबद्दल. तू एक्क्याण्णवची झालीस की विचार. तेव्हा मी एका शब्दात माफ करीन आणि उशाशी येऊन बसेन. मीही एक्क्याण्णवचीच असेन, ऐकू येणार नाही. तेव्हा तेही लिहूनच विचार.

झुबेदा